वय ४५, कानांचं वय ७०: आवडता अल्बम ठरतो तरी कसा?

डिसेंबर २०२५मध्ये स्पॉटिफाय या गाण्यांच्या अॅपनं वर्षभराचा हिशोब दाखवताना एक नवाच आकडा पुढे केला: ‘लिसनिंग एज’, म्हणजे ऐकण्याचं वय. माझं आलं ७०. मी ४५ वर्षांचा आहे. भाची १९ वर्षांची, तिचं आलं ४२. नाशिकच्या कॉलेज रोडला कटिंग पिताना तिनं माझ्या मोबाइलवरचा आकडा पाहिला आणि म्हणाली, “मामा, तू तर आजीच्या वयाचा निघालास!”

भांडण तिथूनच सुरू झालं. तिच्या मते लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडचा ‘हायब्रिड थिअरी’ हा जगातला सर्वांत भारी अल्बम. माझ्या मते पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. तिचं म्हणणं, माझ्या अल्बममध्ये अर्धा वेळ घड्याळं आणि चिल्लर वाजते. माझं म्हणणं, तिचा गायक बोलता येत असताना ओरडतो. एकाच घरातली माणसं, एकाच गावातली, एकाच पोळ्या खाणारी. मग कानांचं एवढं बिनसतं कुठे? ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणून विषय मिटवता येतो, पण ते उत्तर नव्हे, उत्तर टाळणं झालं. या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बराच अभ्यास झालाय आणि त्यातलं बरंचसं आपल्या घरात बसून पडताळता येतं.

आधी, अल्बम म्हणजे काय?

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. रचना लांब असेल तर पाच-सहा तबकड्या लागत. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत, आणि ‘अल्बम’ हे नाव तिथूनच चिकटलं. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. साठच्या दशकात रॉकवाल्यांच्या लक्षात आलं, की या चाळीस मिनिटांत नुसती दहा गाणी कोंबण्यापेक्षा काहीतरी सलग मांडता येईल.

म्हणजे अल्बम हे वाढलेलं ताट आहे. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, गोड कधी वाढायचं तेही ठरलेलं. प्लेलिस्ट म्हणजे लग्नातला बुफे: पनीर घेतलं, जिलबी घेतली, वरण राहूनच गेलं. वाईट काहीच नाही, पण ‘आवडता अल्बम’ म्हणताना आपण ताटाबद्दल बोलतो, एका पदार्थाबद्दल नाही. निम्मी भांडणं इथंच होतात. समोरचा एका गाण्याबद्दल बोलत असतो आणि आपण चाळीस मिनिटांबद्दल.

माझी बिघडलेली कॅसेट

१९९७ साली मी बारावीत होतो. कंपनीची इंग्रजी कॅसेट सव्वाशेला मिळायची, हिंदी सिनेमाच्या कॅसेटपेक्षा कितीतरी महाग. तेवढे पैसे कुणाकडे असणार? मग मेनरोडमागच्या गल्लीतल्या एका दुकानात कॅसेट ‘भरून’ घ्यायची. कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची.

मी साठ मिनिटांची कॅसेट दिली, म्हणजे प्रत्येक बाजूला तीस. ‘डार्क साइड’ आहे साधारण त्रेचाळीस मिनिटांचा. पहिली बाजू संपली तेव्हा ‘अस अँड देम’ हे पावणेआठ मिनिटांचं गाणं निम्म्याच्या थोडं पुढे गेलं होतं. खट्. टेप संपली. दुकानदारानं दुसरी बाजू सुरू केली ती सरळ पुढच्या गाण्यापासून. अल्बम दहाएक मिनिटांत आटोपला, शेवटचे हृदयाचे ठोके विरत गेले आणि राहिलेल्या वीस मिनिटांत त्यानं स्वतःच्या मर्जीनं बोनी एम या डिस्को बँडची गाणी भरली. “जागा रिकामी कशाला ठेवायची?” हे त्याचं स्पष्टीकरण. ठोके विरले, की दोन सेकंदांत त्यांचं ‘रासपुटिन’.

दुसरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. हीच दोन वर्षं ऐकली. पुढे नोकरी लागल्यावर सीडी घेतली आणि ‘अस अँड देम’ पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. ते मला चुकीचं वाटलं. अक्षरशः चुकीचं; कुणीतरी चांगल्या गाण्याला शेपूट लावल्यासारखं.

कान ज्योतिष सांगत असतो

मला ते चुकीचं का वाटलं, याच्या उत्तरातच आवडीचं मोठं गुपित आहे. आपण गाणं नुसतं ऐकत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. शास्त्रीय मैफलीला बसणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. गायक तान घेऊन भरकटतो, आता हा समेवर येतो की नाही अशी धाकधूक होते आणि तो नेमका समेवर आला, की अख्खं सभागृह मान डोलावतं. सम कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मजा ती गाठली जाण्यात असते, आणि त्याआधीच्या धाकधुकीत तर जास्तच. २०११मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथल्या संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की अंगावर काटा आणणाऱ्या क्षणी जसं मेंदूत सुखाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन सुटतं, तसं तो क्षण येण्याआधी, नुसत्या वाट पाहण्यातही सुटतं.

२०१९मध्ये आणखी एक अभ्यास आला. लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी बिलबोर्ड यादीतल्या ७४५ गाण्यांमधले ८० हजार कॉर्ड्स घेतले (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर), त्यांच्यावरचे शब्द आणि चाल काढून टाकली आणि त्यांतले काही लोकांना ऐकवले. जास्त आवडलं काय? पुढचं काय ते पक्कं वाटत असताना बसलेला धक्का. नाहीतर काहीच अंदाज लागत नसताना मिळालेला ओळखीचा स्वर. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर कंटाळा, सगळंच अनपेक्षित असेल तर गोंधळ.

आता खरी मेख. अंदाज बांधायला आधीची पुंजी लागते आणि प्रत्येकाची पुंजी वेगळी. ‘डार्क साइड’मधलंच ‘मनी’ घ्या. ते सात मात्रांत चालतं. पाश्चात्त्य रॉकमध्ये चार मात्रांची सवय असलेल्या श्रोत्याला तिथं पाय अडखळल्यासारखं होतं आणि तीच त्या गाण्याची गंमत मानली जाते. माझा एक मित्र लहानपणापासून तबला शिकलेला. त्यानं पहिल्यांदा ऐकलं आणि मांडीवर ताल धरत म्हणाला, “रूपकाच्याच मात्रा आहेत रे, यात काय एवढं?” मग मधल्या गिटारच्या तुकड्यात गाणं चार मात्रांवर गेलं आणि तिथं तो दचकला. गाणं तेच, पण धक्का बसायची जागा दोघांची वेगवेगळी.

“पण ते नुसतं बोंबलणं आहे!”

हा माझ्या आईचा आक्षेप, आणि हल्ली भाचीच्या बाबतीत माझाही. रॉकमधल्या गिटारचा तो खरखरीत आवाज येतो अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ताणल्यामुळे. ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वरासोबत वरच्या स्वरांची गर्दी होते. याला डिस्टॉर्शन म्हणतात. सवय नसलेल्या कानाला तो स्पीकर फाटल्यासारखा वाटतो.

पण हीच माझी आई गणपती विसर्जनाला रविवार कारंजावर नाशिक ढोलाच्या पथकापासून दहा फुटांवर उभी राहते. छातीत धडधडतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि तिला ते ‘मंगल’ वाटतं. म्हणजे अडचण मोठ्या आवाजाची नाही. कानाला गोड काय आणि टोचणारं काय, यातलं बरंचसं आपण ऐकून ऐकून शिकतो. बोलिव्हियातल्या चिमाने या आदिवासी लोकांवरचा एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य संगीत सुसंवादी मानतं ते आणि बेसूर मानतं ते, असे दोन्ही प्रकारचे कॉर्ड्स त्यांना ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच आवडले.

ओळखीनं आवड वाढते हेही जुनं आहे. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्ये दाखवलं, की अर्थ नसलेले शब्द, अनोळखी चेहरे, चिनी लिपीसारखी चिन्हं लोकांना नुसती पुन्हापुन्हा दाखवली तरी ती जास्त आवडू लागतात. वेगळं काही करावं लागत नाही. (याचा उलटा अनुभव म्हणजे सोसायटीतला शेजारी आणि त्याचं रोज सकाळचं तेच ते भजन. अति झालं, की आवड पुन्हा खाली येते.)

वयाचा उंचवटा

१९८९मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांना १९३२ ते १९८६ या काळातली हिट गाणी ऐकवली. माणसाच्या वयाच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजलेली गाणी त्याला सर्वांत जवळची निघाली. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा विशीच्या अलीकडे येतो, पण मुद्दा तोच राहतो. चौदा-पंधरा ते पंचविशी या काळातल्या आठवणी म्हातारपणापर्यंत जास्त ठसठशीत राहतात. पहिली सायकल, पहिलं प्रेम, पहिला पगार. आलेख काढला तर तिथं उंचवटा दिसतो. त्या दिवसांत कानावर पडलेलं गाणं त्या उंचवट्यावर जाऊन बसतं आणि पुढे आयुष्यभर उंच दिसतं.

स्पॉटिफायचा आकडा याच कल्पनेवर उभा आहे. तुम्ही इतरांपेक्षा जास्त ऐकलेली गाणी ज्या वर्षांतली, त्या वर्षांत तुम्ही सोळा ते एकवीस वर्षांचे होतात असं गमतीनं धरायचं आणि वय काढायचं. ‘डार्क साइड’ आला मार्च १९७३मध्ये, म्हणून मी सत्तरीचा.

हे गणित नाशिकला मात्र लागू पडत नाही. त्यात गृहीत धरलंय, की अल्बम निघाला तेव्हाच तो तुमच्यापर्यंत पोहोचला. १९७३ सालच्या लंडनमध्ये ते खरं असेल. आमच्याकडे तो अल्बम माझ्या हाती पडला चोवीस वर्षांनी, आणि त्याच महिन्यात मी अॅबा, मायकल जॅक्सन आणि निर्वाणाही पहिल्यांदा ऐकले. तीन दशकं एकाच पिशवीतून आली. आमच्या पिढीतल्या रॉकप्रेमींची आवड तारखांच्या हिशोबानं विस्कटलेली दिसते ती म्हणून. माझ्या कानांचं वय सत्तर नाही, माझी कॅसेट उशिरा आली एवढंच.

आणि भाचीचं ४२? ‘हायब्रिड थिअरी’ २०००मध्ये आला, तेव्हा तिचा जन्मही नव्हता. पण भाऊजींच्या गाडीत ती सीडी होती. दर महिन्याला इगतपुरीला जाताना तीच वाजायची, मागच्या सीटवर ही. २०१३मध्ये झालेल्या एका अभ्यासात असंच दिसलं. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळाखेरीज आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटली. उंचवट्याची सावली पुढच्या पिढीवर पडते.

रांग बघून दुकान निवडणं

इथवर सगळं स्वतःच्या कानाचं झालं. पण मिसळ खायला गेल्यावर दोन दुकानांत एकासमोर रांग असेल, तर आपण कुठे उभे राहतो?

२००६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक झकास प्रयोग छापून आला. अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली आणि १४ हजारांवर लोकांना ती ऐकून डाउनलोड करू दिली. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं होतं आणि त्यांना आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी घेतलं, तो आकडाही दिसे. सगळ्यांची सुरुवात शून्यापासून. गाणी तीच असूनही आठ जगांत आठ वेगळी गाणी-क्रमवारी तयार झाली. ‘लॉकडाऊन’ नावाचं एक गाणं (२००६मध्ये या शब्दाचं कुणाला काही वाटत नव्हतं) आकडे न बघणाऱ्यांच्या मते २६व्या क्रमांकाचं होतं. एका जगात ते पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं.

म्हणजे सुरुवातीच्या चार माणसांनी काय उचललं यावर पुढचं वळण ठरलं. आपल्या हॉस्टेलमध्ये, आपल्या गल्लीत पहिली कॅसेट कुणी आणली, यावरही असंच ठरलं असणार. उलट बाजूनंही हे चालतं: नावडतीचं मीठ अळणी. भाचीनं लावलेलं म्हणून मी ‘हायब्रिड थिअरी’ आधीच तोंड वाकडं करून ऐकतो, हे मला कबूल आहे.

“म्हणजे चांगलं-वाईट असं काही नसतंच?”

असतं. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. सर्वांत चांगली ठरलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट क्वचितच वर आली. गोंधळ होता तो मधल्यांचा.

द्राक्षाच्या बागेत हा फरक नीट कळतो. दिंडोरीकडे, निफाडकडे बागायतदार तोडणीआधी मण्याच्या रसाचा एक थेंब छोट्या यंत्राच्या काचेवर टाकतो, ते डोळ्याला लावतो आणि उजेडाकडे बघून साखर किती ते सांगतो. त्याला ‘ब्रिक्स’ म्हणतात. त्यावर वाद होत नाही. पण थॉमसन आवडतं की काळं जंबो, हे कुठल्याही यंत्रात दिसत नाही. अल्बमचंही तसंच. वादक तालात आहेत का, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे का, आधी कुणी केलं नव्हतं असं काही केलंय का, पुढच्यांनी त्यावरून काय उचललं, हे पुरावे देऊन बोलता येतं. ‘चांगला’ हा वादाचा विषय आहे आणि वाद घालावाच. ‘आवडता’ हे आत्मचरित्र आहे. तिथं फार तर ऐकून घ्यायचं.

माझ्याकडे चांगले मानले गेलेले पण न आवडणारे अल्बम ढिगानं आहेत. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ मी दहा वेळा ऐकला. कारागिरी कळते, टोपी काढतो, आणि अकराव्यांदा लावत नाही.

“मग त्या ‘सर्वश्रेष्ठ ५००’ याद्या?”

‘रोलिंग स्टोन’ मासिकानं २००३मध्ये अशी यादी काढली, तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२०मध्ये मत देणारी माणसं बदलून पुन्हा काढली. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्यावरून पहिला झाला आणि ‘सार्जंट पेपर’ गेला २४व्या क्रमांकावर. मधल्या सतरा वर्षांत अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता, बदलले होते ते मतदार. जो अल्बम १९७३ ते १९८८ या काळात बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता, तो माझा ‘डार्क साइड’ या याद्यांत आधी ४३वा आणि मग ५५वा. मी मासिकावर रागावलो नाही. थोडासाच रागावलो.

अशी यादी म्हणजे शेकडो माणसांच्या उंचवट्यांची बेरीज. नवीन काही ऐकायचं असेल तर ती फार उपयोगी पडते. तिच्यावरून न्यायनिवाडा मात्र करू नये.

“इंग्रजी शब्द कळत नव्हते, तर आवडलं कसं? भाव खायलाच ना?”

अर्धं खरं आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यानं १९७९मध्ये आवडीनिवडींवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा असा, की आपण काय ऐकतो त्यातून आपण कोणत्या वर्गातले आहोत, किंवा कोणत्या वर्गात जायचंय, हे दाखवत असतो. सिडकोत राहून कॉलेज रोडच्या पोरांत बसायचं तर इंग्रजी बँडची चार नावं ठाऊक असावी लागत. मी काळा टी-शर्ट घालायचो तो उन्हाळ्यातही. बूर्दियनं मला तिथं रंगेहाथ पकडलं असतं.

पण भाव खायला अल्बम तीनदा ऐकला तरी पुरतो. चारशेव्यांदा, अंधारात, गॅलरीत एकटं बसून ऐकताना कुणी बघत नसतं. शब्द मला खूप नंतर कळले, आणि ‘टाइम’ हे गाणं वेळ वाया जाण्याबद्दल आहे हे कळलं तोवर माझा बराचसा गेलाही होता.

आता सगळंच मिळतं, मग आवडता अल्बम कुठे गेला?

भाचीच्या मोबाइलमध्ये जगातली जवळजवळ सगळी गाणी आहेत. मला हेवा वाटतो. तरी एक शंका मनातून जात नाही. माझा आवडता अल्बम आवडता झाला त्यात सव्वाशे रुपये नसण्याचा वाटा मोठा होता. न आवडलेलं गाणंही ऐकावं लागे, कारण पुढे पळवलं तर सेल लवकर संपायचे. ‘ऑन द रन’ हा नुसत्या यंत्रांच्या आवाजांचा तुकडा पहिला महिनाभर मला डोकेदुखी वाटला. चौथ्या महिन्यात त्याच्याशिवाय पुढचं गाणं अपुरं वाटू लागलं. आज तीस सेकंदांत नाही आवडलं तर बोट पुढे सरकतं आणि ते अॅप निमूटपणे शिकतं, की याला हे देऊ नको. ओळख होण्याआधीच सोयरीक मोडते.

म्हणून आवडता अल्बम ओळखायची माझी कसोटी एकच आहे. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेत पुढचं गाणं तुमच्या डोक्यात आपोआप सुरू होतं का? होत असेल तर तो तुमचा अल्बम. मग यादीत तो कितवाही असो. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटून ‘हायब्रिड थिअरी’ची पहिली चार गाणी क्रमानं गुणगुणून दाखवली, मधल्या श्वासासकट. मी वाद तिथंच थांबवला.

त्या रविवारी ती घरी आली आणि म्हणाली, चल, तुझा तो आजोबांचा अल्बम पूर्ण ऐकते, मोबाइल बाजूला ठेवून. ऐकला. घड्याळांना हसली, ‘मनी’ला पाय हलवला, ‘अस अँड देम’च्या अधेमध्ये मी उगाच दचकलो ते तिला कळलं नाही. शेवटी ठोके विरत गेले. ती उठायला लागली.

“संपलं की, मामा. असा काय बसलायस?”

“थांब जरा,” मी म्हटलं, “अजून रासपुटिन यायचंय.”